पहिल्या पाळीचा खेळ

इंदूरची भागीरथी मिल बंद होऊन पाच वर्षं झाली होती आणि तिचे कामगार रोज वेळेवर कामावर येत होते. यात हसण्यासारखं काही नाही. ब्याण्णव साली मालकांनी फाटकाला कुलूप घातलं, तेव्हा युनियनच्या वकिलानं बजावून सांगितलं होतं, की घरी बसू नका, नाहीतर उद्या मालक कोर्टात म्हणेल, कामगारच काम सोडून पळाले. म्हणून सकाळी सातच्या ठोक्याला एकशे ऐंशी माणसं फाटकासमोर जमायची, युनियनच्या चिंतामणकडच्या रजिस्टरात सही करायची, भिंतीच्या सावलीत बसायची, साडेअकराला डबा खायची आणि साडेतीनला पाळी सुटली म्हणून घरी जायची. सूत नाही, माग नाही, पण खाडा म्हणून नाही.

दिवाकर सुपेकर त्यांतला सगळ्यांत कट्टर. लूम खात्यात बावीस वर्षं काढलेली. मिल चालू व्हावी आणि आपण पुन्हा मागापुढं उभं राहावं, यापलीकडे त्याला काही नको होतं. बायको वसुधा लोकांचे ब्लाउज शिवून घर ओढत होती. दुसरं काही बघा, असं ती सुचवायची, तर हा म्हणायचा, आज नागा केला आणि नेमकी आजच मिल उघडली तर? मग ती बिचारी डबा भरायची.

त्याच सुमाराला भोपाळहून परिपत्रक आलं. देश खुला झाला होता, परदेशी पाहुणे येऊ घातले होते आणि प्रत्येक ऐतिहासिक शहरानं आपला एक 'नित्य सांस्कृतिक उपक्रम' तीस दिवसांत कळवायचा होता. सांस्कृतिक कक्षाचे अधिकारी उदयसिंहजी पेचात पडले. इंदुरात राजवाडा होता, पण तो रोज काही करत नव्हता. गौतमपुऱ्याचं हिंगोट, म्हणजे दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकायचं युद्ध, झकास, पण ते वर्षातून एकदा, आणि पेटतं हिंगोट पाहुण्याच्या डोक्यात बसलं तर त्याचा खुलासा कोणी द्यायचा? एकोणतिसाव्या दिवशी सकाळी त्यांची जीप भागीरथी मिलवरून गेली आणि करकचून थांबली.

दिवाकरला वाटलं, लेबर ऑफिसचे साहेब आले. देवच पावला म्हणायचा.

"हे किती वर्षांपासून चालू आहे, भिया?" उदयसिंहजींनी विचारलं.

"पाच वर्षं, साहेब. एक दिवस खंड नाही."

"आणि आत काही होत नाही?"

"बिल्कुल नाही."

उदयसिंहजींचं अंतःकरण भरून आलं. सामूहिक, नित्य आणि निरुपयोगी! संस्कृतीची याहून चोख व्याख्या परिपत्रकालाही जमली नव्हती. त्यांनी जीपच्या बॉनेटवरच फॉर्म भरला आणि 'पथकप्रमुख' असं छापलेल्या जागी दिवाकरची सही घेतली. वर सरकारी शिक्का होता, तेवढा बघून दिवाकरनं सही ठोकली. आपण रोज येतो याची सरकारनं नोंद घेतली, आता मिल उघडणारच, या आनंदात तो घरी जाताना पावशेर जिलबी घेऊन गेला.

महिन्याभरात फाटकासमोर खुर्च्या आल्या, मांडव आला, पोह्यांचा ठेला आला आणि फलक लागला: 'पहिली पाळी. माळव्याची जिवंत परंपरा'. बसमधून पाहुणे उतरू लागले. कामगार सही करायचे, लोक बघायचे. कामगार बसायचे, लोक बघायचे. डबा उघडला की कॅमेरे निघायचे. चिंतामण म्हणाला, बघू दे ना, आपलं काय जातं? खरंच काही जात नव्हतं, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

मग सुधारणा सुरू झाल्या. पाहुण्यांना सातला यायला जमेना, म्हणून पहिली पाळी साडेदहाला भरू लागली. पहिली पाळी सातलाच असते हो, असं दिवाकर कळवळून सांगत होता. त्याला उत्तर मिळालं, की परंपरेनं काळाबरोबर चालायला हवं. प्लॅस्टिकचे डबे बंद झाले. वसुधानं दिलेली पोळी आणि बटाट्याची भाजी नामंजूर झाली, कारण कामगार भाकर-कांदा खातो असं पाहुण्यांच्या माहितीपुस्तिकेत छापून गेलं होतं. दाढी करून येणाऱ्यांना लेखी ताकीद मिळाली.

शेवटी निवड चाचणी आली. एकशे ऐंशी माणसं मांडवात मावत नव्हती, चाळीस ठेवायची होती. परीक्षक म्हणून नाट्यवर्ग चालवणाऱ्या मंजिरीताईंना बोलावलं. बाई मनानं चांगल्या. त्यांनी दिवाकरला तीनदा बसायला लावलं, तीनदा उठायला लावलं आणि हळुवारपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही अगदी खरे बसता हो, पण लांबून ते दिसत नाही. निराशा कमी पडते." त्याच्या जागी बँकेनं कलेसाठी पगारी रजा दिलेला, त्यांच्या वर्गातला आशिष घेतला. निराशेत त्याचा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नव्हता. चिंतामण मात्र पहिल्या फेरीत निवडला गेला. त्याची खोकल्याची उबळ फार पसंत पडली.

आता दिवाकरपुढं संकट उभं राहिलं. रजिस्टर कलापथकाच्या ताब्यात, सही फक्त कलाकारांनी करायची. मग हजेरी लागणार कशी? बाकीचे हळूहळू पांगले, कोणी रिक्षा धरली, कोणी देपालपुरात धान्याच्या दुकानी लागलं. हा गडी डोकेबाज. रोज खेळाचं तिकीट काढायचा, तिसऱ्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि अर्धं तिकीट जपून ठेवायचा. त्यावर तारीख छापलेली असे. हजेरीचा याहून पक्का पुरावा कोणता, असं तो वसुधाला समजावून सांगायचा. तिनं त्याला तिकिटांसाठी कापडाची पिशवी शिवून दिली.

अशी दोन वर्षं गेली आणि खरोखरच अहमदाबादचा एक शेठ मिल चालवायला तयार झाला. त्याची अट एकच होती: जुने, कामाची सवय असलेले कामगार हजर पाहिजेत. लेबर ऑफिसात सुनावणी लागली. सात वर्षं ज्या दिवसासाठी हा माणूस उन्हातान्हात बसला, तो दिवस आला. दिवाकर इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन गेला. रजिस्टरही मागवलं होतं. अधिकाऱ्यांनी ते चाळलं. दोन वर्षांच्या सगळ्या सह्या मानधनावरच्या कलाकारांच्या होत्या. त्याआधीच्या सह्यांचा खुलासा दिवाकरच्याच सहीच्या फॉर्ममध्ये होता, की सदर मंडळी पाच वर्षांपासून हा उपक्रम सादर करत आहे. म्हणजे कागदोपत्री भागीरथी मिलला कामगारच नव्हते.

"मग मी कोण, साहेब?" दिवाकरनं पिशवी टेबलावर उपडी केली.

अधिकाऱ्यांनी तिकिटं पाहिली. तारखा पाहिल्या. "प्रेक्षक," ते आदरानं म्हणाले. "आणि अत्यंत नियमित."

तरी सरकार आंधळं नव्हतं. मिल हवी की खेळ, हे जनतेला विचारायचं ठरलं. एका रविवारी खेळ संपल्यावर वही ठेवली. लोकांचे डोळे ओले होते. शेठ आला तर हा मांडव जाणार, मग असा कामगार आपल्या मुलांना दाखवायचा कुठं, या काळजीनं माणसं रांग लावून लिहीत होती. चिंतामणनंही लिहिलं आणि दिवाकरची नजर टाळून निघून गेला. सगळ्यांत शेवटी दिवाकरनं पेन घेतलं. त्यानं लिहिलं, 'मला बघू नका. मला काम द्या.'

वही वाचताना मंजिरीताईंना हुंदका आवरेना. एवढं थेट वाक्य त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं. शेठ परत गेला आणि ते वाक्य खेळात घेतलं.

आता खेळाच्या शेवटी आशिष मांडवाच्या मधोमध येतो, कुलपाकडे बघतो आणि ते म्हणतो. फार छान म्हणतो. सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवतो. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा तेवढा डबा धरून बसून राहतो. मग शेजारचे गृहस्थ त्याला कोपरानं ढोसून म्हणतात, काय माणूस आहात हो, जरा तरी संवेदना पाहिजे. त्या गृहस्थांना सगळ्यांनी पाहिलंय. चांगले शिकलेले आहेत, गिरणी कामगारांविषयी आलेलं सगळं आवडीनं वाचतात, आत्ता हेही शेवटपर्यंत वाचलं त्यांनी.