शून्याची गुणवत्ता यादी

ज्याला येत नाही त्याला शिकवावं, हे तत्त्व शिक्षणशास्त्राला फार पूर्वीपासून मान्य आहे. अडचण एवढीच, की कोणाला येत नाही हे आधी रीतसर ठरावं लागतं.

ते ठरवण्यासाठी शाळेने सात जणांची समिती नेमली. समितीच्या पाच बैठका झाल्या. पैकी तीन जादा शिकवणीच्या नावावर खर्ची पडल्या ('कच्चे विद्यार्थी' म्हटलं तर पालकांना लागेल, म्हणून 'उमलते विद्यार्थी' ठरलं), चौथीत फलकाचा रंग ठरला आणि पाचवीत चहा येईपर्यंत उरलेलं सगळं. गणिताच्या बाईही समितीत होत्या. निदान एक तरी शिकवणारं माणूस असावं, असा कोणीतरी हट्ट धरला होता.

बाईंचा एक गुन्हा इथे नोंदवायला हवा. गेली दोन वर्षं त्या मधल्या सुट्टीत जिन्याखाली चार-पाच मुलं घेऊन बसत आणि कोणालाही न विचारता त्यांना भागाकार शिकवत. ना हजेरीपट, ना अहवाल, ना उद्घाटन. समितीने हा प्रकार ताबडतोब बंद केला. योजना सुरू व्हायच्या आत मुलं सुधारली तर योजनेने सुधारायचं कोणाला, हा मुख्याध्यापकांचा सवाल बिनतोड होता.

जिन्याखालच्या मुलांत शिंप्याची मुलगी होती. सातवीत होती, पण भागाकार मांडला की तिचं पेन जागच्या जागी थांबायचं. यंदा गणितात गचकलीस तर शाळा बंद आणि शिलाई मशीन सुरू, असं बापाने सांगून टाकलं होतं.

"बाई, आता आम्ही यायचं नाही का?" तिने विचारलं.

"अगं, आता योजनेत ये. रोज तासभर मिळेल तिथे," बाई म्हणाल्या. आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. (पाच बैठकांना बसूनही माणसाचा विश्वास टिकू शकतो, याचा हा पुरावा.)

निवडीसाठी वीस प्रश्नांची चाचणी ठरली. उत्तर फक्त 'बरोबर' किंवा 'चूक', म्हणजे तपासणाऱ्याला डोकं लावायला नको. सर्वांत कमी गुणांची तीस मुलं घ्यायची. इथवर सगळं सुरळीत होतं. पण सूचनेत 'निवडक तीस' असे शब्द पडले आणि पालकवर्गात खळबळ उडाली. कुठेतरी निवडकांची यादी लागते आहे आणि तिच्यात आपलं लेकरू नाही, हा विचार शिकल्यासवरल्या घराला सहन होत नाही. घरोघरी तयारी सुरू झाली. एका आईने तर मुलाकडून महिनाभर रोज वीस चुका करून घेतल्या.

निकाल उज्ज्वल लागला. सव्वीस जणांना शून्य, चौघांना एक. (त्या चौघांच्या घरी अजून अबोला आहे.) शिंप्याच्या मुलीने अंदाजपंचे खुणा केल्या होत्या, तिला अकरा मिळाले. तिच्या नावापुढे 'अपेक्षेपेक्षा प्रगत, गरज नाही' असा शेरा पडला.

बाई यादी घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, हे शून्यवाले बघा. वर्गातला पहिला नंबर आहे यात! अहो, वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस यावे लागतात. ज्याला येत नाही त्याचे नऊ-दहा तरी बरोबर येतातच."

"म्हणजे ज्यांना शून्य ते हुशार आणि जिला अकरा ती कच्ची? बाई, तुम्ही गणित शिकवता ना?"

"त्या पोरीला भागाकार येत नाही हो, सर."

"अकरा गुण पडलेत तिला. अभिनंदन करा तिचं."

"मग मी तिला जिन्याखाली घेते."

"छे! ती समांतर योजना होईल."

बाईंना रडू आलं नाही, संताप आला. पण संताप नोंदवायचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज तासभर तीस हुशार मुलांना त्यांना येत असलेला भागाकार शिकवू लागल्या. वर्षअखेरीस तीसच्या तीस उत्तीर्ण झाले. शून्यावरून थेट नव्वदीत अशी झेप शाळेच्या इतिहासात कोणी घेतली नव्हती. मुख्याध्यापकांचा सत्कार झाला आणि आता बाहेरच्या शाळा ही योजना बघायला येतात.

ही हकीकत आजवर बऱ्याच घरी सांगून झाली. प्रत्येक ठिकाणी लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "पुढच्या वर्षीची चाचणी कधी असते हो?" शिंप्याच्या मुलीचं काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. ती नापास झाली. मशीनवर बसते. तुम्ही विचारणारच होतात, याबद्दल शंका नाही.