रिकाम्या कट्ट्याचे दोन मालक

जमिनीला एकच मालक असला की गावाची प्रगती खुंटते. म्हणून आमच्या हिरेकोप्पात ट्रान्स्फॉर्मरच्या कट्ट्याला दोन मालक आहेत. वरची वीज कंपनीची, खालची माती नगरसभेची. मधल्या सिमेंटचं अजून ठरायचंय (त्यासाठी समिती आहे, ती चहा पिते).

उन्हाळ्यात ट्रान्स्फॉर्मर जळाला. कंपनीने तो तत्परतेने उचलून नेला. नवा ठेवायला मात्र नगरसभेने हरकत घेतली: जुन्याला तरी परवानगी कुठे होती? प्रश्न बिनतोड होता (शिकलेल्या माणसालाच असा सुचतो). गल्लीत अंधार झाला. माझ्या सुनेची, कस्तुरीची, पिठाची गिरणी बंद पडली. सगळी गल्ली ज्वारी डोक्यावर घेऊन नदीपलीकडे जाऊ लागली. त्याने बायकांची तब्येत सुधारते, असं नगरसभेचे इंजिनिअर मुदकप्पा मला म्हणाले (म्हातारीला आमच्याकडे अव्वा म्हणतात).

"अव्वा, कायदा म्हणजे कायदा."

"हो की रे बाबा. त्याची भाकरी कशी थापायची, तेवढं तुझ्या बायकोला विचारून सांग."

दसऱ्याला आयुधपूजा आली. लाइनमन बसलिंगप्पा दरवर्षी ट्रान्स्फॉर्मरला हार घालून कोहळा फोडतो. यंत्र नाही म्हणून पूजा चुकवणाऱ्यातला तो नव्हे. त्याने रिकाम्या कट्ट्यालाच हळद-कुंकू लावलं, कोहळा फोडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नमस्कार केला. पौर्णिमेपर्यंत कुणीतरी घंटाही टांगली.

मग परवानगी मिळाली. (सरकारी काम नेमकं वेळेवर होतं.) नवा ट्रान्स्फॉर्मर घेऊन क्रेन आली. ड्रायव्हरने कुंकू पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले आणि क्रेन माघारी नेली.

कंपनीचे हलगेरी साहेब म्हणाले, "जागा नगरसभेची. देव त्यांनी हलवावा."

मुदकप्पा म्हणाले, "देव वर बसलाय. वरचं सगळं कंपनीचं."

निवडणूक तोंडावर होती, तेव्हा दोघांनी मिळून देवाला मागच्या गल्लीतून जाड तार ओढून वीज दिली. परवानगीचं कुणी नावही काढलं नाही.

त्याच तारेवर मी कस्तुरीची गिरणी जोडून घेतली. हलगेरी साहेब तपासायला आले.

"अव्वा, ही तार कुणाची?"

"देवाची. नैवेद्याला पीठ नको? तोड, तुझ्या हाताने तोड."

साहेबांनी अंगारा लावून घेतला आणि निघाले.

हसताय? हसा. दळणाचा डबा घेऊन कट्ट्यापाशी चपला तुम्हीच काढता, डोळे मिटता आणि मोबाईलच्या उजेडात चाचपडत घरी जाता. आपल्या गल्लीत दिवे कधी येणार, हे तुम्ही विचारत नाही असं मी म्हणणार नाही. रोज विचारता. घंटा वाजवून.