पांढरं म्हणजे हे

समाजाची प्रगती त्याच्या शर्टांवरून ओळखावी, हे आता सर्वमान्य आहे. आमच्या आज्या राखेच्या पाण्यात कपडे उकळून तिसा नदीच्या काठी बडवत (मागासलेपण). मग साबण आला (सुधारणा), मग पावडर आली (विज्ञान), आणि पावडर दुकानात मिळेनाशी झाली तेव्हा जाहिरात आली.

आमच्या सेगेद शहरातल्या सरकारी पावडर कारखान्यात, प्रसिद्धी विभागात, मी तेव्हा दुय्यम अधिकारी होतो. त्या साली 'हिमा' पावडरीचं उत्पादन उद्दिष्टाच्या एकसष्ट टक्के झालं, जाहिरातीचं एकशे चार टक्के. वरच्या चार टक्क्यांत माझा खारीचा वाटा आहे.

टीव्हीवरच्या जाहिरातीला दोन शर्ट लागतात. एक हिमात धुतलेला, दुसरा 'साध्या पावडरीत'. देशात पावडर एकच (तीही संपलेली). समितीनं तीन बैठका घेऊन ठरवलं की कारखान्याच्या विश्रामगृहात कपडे धुणाऱ्या गिझेलामावशीनं दोन्ही शर्ट धुवावेत.

"तुमची पावडर राहू दे तुमच्यापाशी," मावशी म्हणाली. "राखेच्या पाण्यात काढते उकळून, मग बघ."

बघितलं. शर्ट इतके पांढरे निघाले की कॅमेऱ्यात नुसता भगभगाट, बटणंसुद्धा दिसेनात. कॅमेरावाला म्हणाला, "एवढं पांढरं आम्हाला चालत नाही. चहात बुडवा." एक बुडवला. पडद्यावर तो झकास पांढरा दिसला, म्हणून तो हिमाचा. दुसरा कोळशाच्या पाण्यात बुडवला, तो साधा. साधा शर्ट धरायला प्रामाणिक चेहरा हवा होता, म्हणून तो मावशीच्याच हाती दिला. तिला वाक्य एकच होतं: "माझं मेलं हे असंच निघतं!"

पुढे चहाचा शर्ट चौकातल्या दुकानाच्या काचेत मांडला. खाली पाटी लावली: 'पांढरं म्हणजे हे'.

मावशीच्या मुलीचं, तेर्काचं, लग्न ठरलेलं होतं. आमच्या चाळीत लग्नाआधी मुलीच्या रुखवताच्या चादरी सज्जात दोरीवर घालतात आणि विहीणबाई येऊन पाहून जातात. चोवीस चादरी, डोळे दिपावेत अशा. विहीण पिरोश्काबाईंनी त्या खालून-वरून पाहिल्या.

"काचेतल्या शर्टासारख्या नाहीत हो या."

"अहो, त्याहून पांढऱ्या आहेत!"

"त्याहून पांढरं कसं असेल? पाटीवर लिहिलंय ना! आणि टीव्हीवर तुम्हीच तोंडानं कबूल केलंत. असल्या घरची मुलगी आमच्या अर्पादला नको, बाई."

मावशी तडक ऑफिसात आली. रडत होती आणि संतापलेलीही होती. "वीस वर्षं तुम्हा साहेबलोकांचे डाग काढले रे मी, आणि माझ्याच तोंडाला काळं फासलंत! पोरीचं लग्न मोडतंय. शर्ट कोळशात बुडवला होता, एवढं लिहून दे."

मला मनापासून वाईट वाटलं (फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता). समिती बसली. चादरी पांढऱ्या धरल्या तर पाटी खोटी ठरत होती. पाटीवर मंत्रालयाचा शिक्का होता, चादरींवर नव्हता. ठराव झाला की चादरी खोट्या. मावशीला दाखल्याऐवजी अर्धा किलो चहा मंजूर झाला.

रविवारी पिरोश्काबाईंना पुन्हा बोलावलं. पिवळसर चादरींवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले.

"आता कसं! याला म्हणतात पांढरं. हिमा ना?"

"हिमाच," मावशी म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

लग्न थाटात झालं. त्या हिवाळ्यात सेगेदमध्ये हिमा तर नव्हतीच, चहाही मिळेनासा झाला.

हसू आलं ना? येणारच, आमची माणसं भोळी. पण मघापासून वाचता वाचता तुम्ही आपल्या कॉलरकडे एकदा तरी पाहिलंत. पाहायला हरकत नाही. फक्त ती कशाशी ताडून पाहिलीत, तेवढं सांगा.