सुपरचार्जरची पूर्वतयारी

नियोजन खात्यात एक साहेब होते. पाठीमागे सगळे त्यांना तयारीसाहेब म्हणत, आणि हे कानावर आलं तेव्हा त्यांना राग येण्याऐवजी बरंच वाटलं. एका पुलाची पूर्वतयारी त्यांनी अकरा वर्षं निर्दोष चालवली होती. मधल्या काळात नदी आटली, हा काही त्यांचा दोष नव्हे.

या साहेबांकडे लाल स्पोर्ट्स कार होती. दोन सीटा, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. गाडी उत्तम धावत होती आणि तिथेच घोडं अडलं. उत्तम चाललेल्या गोष्टीत सुधारणेला वाव असतो, असं साहेबांचं ठाम मत. त्यांनी सुपरचार्जर मागवला. म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. ते बसवलं की ताकद दीडपट होते म्हणे.

घरात साहेबांचे वडील होते, निवृत्त बसचालक. त्यांचे डोळे जात चालले होते. साधारण वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"एकदा त्या गाडीतून ने मला," बाबा म्हणाले. "घाट उतरताना समुद्र दिसतो ना, तिथपर्यंत. बस चालवताना नजर रस्त्यावरच ठेवावी लागायची. एकदा नीट बघायचाय."

साहेबांना गलबलून आलं. "नेतो ना, बाबा. फक्त सुपरचार्जर बसू द्या. तुम्हाला अर्धवट गाडीतून नेणार नाही मी."

"मला आहे तीच चालेल रे."

"ते बरं दिसत नाही," साहेब म्हणाले.

गॅरेजचा मेस्त्री कामाचा माणूस. "शनिवारी सकाळी गाडी टाका, रविवारी घेऊन जा," तो म्हणाला. साहेब दुखावले.

"आणि पूर्वतयारी?"

मेस्त्रीने त्यांना एकदा वरून खाली न्याहाळलं. बावीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखायला कितीसा वेळ लागणार? "ती तर करावीच लागेल, साहेब," तो म्हणाला.

तेव्हापासून दर मंगळवारी टायरांच्या चळतीवर बसून आढावा बैठक होऊ लागली. साहेब स्वतः इतिवृत्त लिहीत. जादा हवा म्हणजे जादा पेट्रोल, म्हणून पंप बदलला. जादा पेट्रोल म्हणजे जादा उष्णता, म्हणून मोठा रेडिएटर आला. तो मावेना, म्हणून पुढचा बंपर कापला. ताकद वाढणार म्हणून क्लच, वेग वाढणार म्हणून ब्रेक, ब्रेक बसेनात म्हणून मोठी चाकं, आणि चाकं घासायला लागली म्हणून मडगार्ड. यातलं एकही काम चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. सुपरचार्जर मात्र खोक्यातच होता. दुपारी मेस्त्री त्यावर डबा उघडून जेवायचा.

सहाव्या महिन्यापर्यंत मेस्त्रीचीही भाषा सुधारली. "साहेब, वजनाच्या अनुषंगाने एक बाब निदर्शनास आणायची होती. बाजूची सीट काढणं प्रस्तावित आहे."

"ती वडिलांची आहे."

"त्यांचं वजन?"

"बावन्न किलो."

"मग विशेष बाब म्हणून राहू द्या. पण त्यात वाढ होता कामा नये."

साहेबांनी ही अट लिहून घेतली आणि घरी बाबांना वाचून दाखवली. वाचून दाखवावीच लागली, कारण बाबांना आता अक्षरं लागत नव्हती.

"अहो, या रविवारी माझ्या गाडीतून नेऊ या त्यांना," तीन महिन्यांनी बायको म्हणाली. तिची गाडी जुनी, चेपलेली, कसलीही पूर्वतयारी न झालेली.

"त्यांना शब्द लाल गाडीचा दिलाय. मध्येच दुसरी गाडी घुसवली तर मूळ प्रस्तावाचं काय?"

"आणि त्यांच्या डोळ्यांचं?"

"डॉक्टरांनी वर्ष म्हटलंय. आपण नवव्या महिन्यात आहोत." मुदत संपत आली की ती वाढवून मिळते, हे साहेबांनी नोकरीभर पाहिलं होतं.

ही मुदत वाढवून मिळाली नाही.

तेराव्या महिन्यात पूर्वतयारी पूर्ण झाली. इतकी पूर्ण, की सुपरचार्जर बसवायला जागाच उरली नाही. ती रेडिएटरने घेतली होती. त्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव करायचं ठरलं. शिवाय एवढे बदल झालेली गाडी परवानगीशिवाय रस्त्यावर नेता येत नव्हती. म्हणून चाचणी गॅरेजमध्येच, जमिनीत बसवलेल्या रोलरवर झाली. त्यावर चाकं गरगरा फिरतात आणि गाडी तिथेच राहते.

साहेबांनी बाबांचा हात धरून त्यांना सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. इंजिन तापू नये म्हणून मेस्त्रीने समोर मोठा पंखा लावला. काटा दोनशेवर गेला. बाबांनी चेहरा वाऱ्याकडे केला.

"कुठवर आलो रे?"

"घाटात, बाबा."

"समुद्र दिसतो?"

"दिसतो ना."

बाबा हळूच म्हणाले, "चौतीस वर्षं बस चालवलीय मी. वळण आलं की पोटाला कळतं. जागेवरच आहोत ना आपण?"

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. तो अजून दोनशेवरच होता.

"असू दे. बंद कर आता. पेट्रोल जळतंय उगाच."

त्या दिवशीच्या इतिवृत्तात 'चाचणी समाधानकारक, लाभार्थी स्वतः उपस्थित' अशी नोंद आहे.

वाचकांपैकी कुणाला साहेबांचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. त्यांनी आपला आक्षेप विहित नमुन्यात कळवावा. 'एवढं एक होऊ दे, मग निवांत नेतो' असं सांगून आपण घरात ज्यांना बसवून ठेवलं आहे, त्यांचं नाव पहिल्या रकान्यात भरावं. त्यांना अजून दिसतं का, हा दुसरा रकाना. तो रिकामा सोडता येणार नाही.