काकींच्या गुडघ्यांच्या मापाची गाडी

पेठेत कुणाच्याही दारात नवी गाडी आली की पेढ्यांआधी आमचे शेजारी तात्या पोचत. दार उघडून सीटवर तिरके बसत, पाय बाहेर रस्त्यावर, दोन्ही हात डोक्यावर. मग हात न टेकता उठून बघत. एकदा मंगल कार्यालयासमोर नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीत त्यांनी ही बैठक मारली आणि वरमाईच्या शिव्या खाल्ल्या.

हा खटाटोप बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकींसाठी आहे, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. काकींचे गुडघे गेलेले. जीपमध्ये चढताना त्या एकदा घसरून पडल्या आणि गगनबावड्याच्या माहेरी जाणं थांबलं. भाऊबीजेला त्यांचा भाऊच एसटीनं यायचा. "पावणं, पुढच्या दिवाळीला हिलाच घिऊन येतो," असं तात्या त्याला दर वर्षी सांगत.

पण गाडी पसंत पडेल तर ना. छोटी गाडी म्हणजे, "घमेलं. बसलं की उठायला क्रेन पायजे." लांब डिकीवाली, "घाटातल्या खड्ड्यात पोट घासणार." जीपला तर, "शिडी आणा." त्यांना हवी होती जीपसारखी उंच, मोटारीसारखी मऊ, आणि सीट नेमकी काकींच्या गुडघ्यांच्या उंचीची. नव्वदचं अख्खं दशक त्यांनी शोरूमवाल्यांशी हुज्जत घालण्यात घालवलं.

"पायाखाली पाट ठिवा, मी चढती की," काकी म्हणत.

"आणि पडलीस म्हंजे?"

मला तात्यांचा राग यायचा. अशानं गाडी कधी यायची? पण काकी पडल्या त्या दिवशी तात्यांचा चेहरा मी पाहिला होता, त्यामुळे मला काही बोलवत नसे.

पुढं खरंच तसली गाडी निघाली. सेल्समन तिला क्रॉसओव्हर म्हणाला. "म्हंजे धड जीप न्हाय, धड मोटार न्हाय. ह्येच तर मी बोंबलतोय," तात्या म्हणाले आणि तिथंच गाडी ठरवून आले. ती मिळायच्या आधीच, त्या पावसाळ्यात, काकींचा भाऊ गेला.

गाडी दारात आली. काकी सीटवर टेकल्या, वळल्या, पाय आत घेतले. कुणाला हात द्यावा लागला नाही. तात्या स्टिअरिंगमागे बसले आणि सवयीनं म्हणाले, "चल, गगनबावडा."

"तिथं आता कुणाकडं?" काकी म्हणाल्या. "घराला कुलूप हाय."

तात्यांनी किल्ली फिरवलीच नाही. "लई वेळ लावला मी," ते म्हणाले.

काकींनी दार ओढून घेतलं. "सीट बाकी चांगली हाय. चला, कुठंबी न्या."

कुठं न्यायचं ते तात्यांना सुचेना.