फोटोच्या पोटातलं

सिद्धार्थच्या वेबसाइटवर घंटा वाजली, झेंडूची फुलं वरून खाली ओघळली, आणि कमलिनीअक्कांनी चक्क लॅपटॉपला हात जोडले. तिथेच त्र्यंबकच्या पोटात दुखायला लागलं.

तमिळ मुलखातल्या एग्मोरच्या कीर्तन मंडळींना वेबसाइट हवी होती, आणि दोघांनी एकेक बांधली होती. त्र्यंबक तंजावरच्या जुन्या मराठी घरातला, आजोबांपासून मंडळींत मुरलेला, आणि पोटापाण्याला घरी बसून वेबसाइटच बांधणारा. मथळ्याच्या जागी मथळा, बटणाच्या जागी बटण, आणि डोळे नसलेल्यालाही फोनने सगळं वाचून दाखवावं, हा त्याचा धर्म. गेल्या वर्षी मधुमेहाने मंडळींचे कीर्तनकार पुरुषोत्तमबुवा यांची नजर गेल्यापासून तर तो धर्म त्याचा नेमच झाला होता. बुवांनी कीर्तनाच्या वेळा कुणाला न विचारता स्वतः ऐकाव्यात, एवढीच त्याची इच्छा. आणि ते आपल्याच वेबसाइटवर, ही त्यातली खरी मेख.

सिद्धार्थ पुण्याचा. ओरगडमच्या मोटार कारखान्यात नोकरी, दोन वर्षांपासून मंडळींत, आणि वेबसाइट ही नुसती सुट्टीतली हौस!

"त्र्यंबका, तुझ्या पानावर फुलं कुठे पडतात डा?" मंडळींचा कारभार पाहणाऱ्या अक्कांनी विचारलं.

"फुलांचं काय करायचंय, अक्का? फोनला वाचता आलं पाहिजे."

"फोनला कशाला? माणसं वाचतील की!"

"आणि बुवा?"

अक्का वरमल्या. "सरी, सरी, बरं. बुवा गुरुवारी तंजावरहून येतात. दोन्ही त्यांना दाखवू. ते म्हणतील ती."

उत्सवाचे फोटो दोघांना तेच मिळाले, सिद्धार्थने स्वतःच काढलेले. काठीला फोन लावून काढल्यामुळे प्रत्येकात तो होता. आता प्रत्येक फोटोच्या पोटात त्या फोटोचं वर्णन लिहायचं असतं. ते पडद्यावर दिसत नाही. आंधळ्याला फोन वाचून दाखवतो. त्र्यंबकची रीत अशी, की आधी मनात येईल ते लिहून टाकायचं आणि मग दुसऱ्या हाताने सोज्वळ करायचं. कीर्तनात षड्रिपूंची यादी निघते तेव्हा मत्सर अगदी शेवटी येतो. त्र्यंबकच्या त्या पहिल्या हातात मात्र तो झेंडा घेऊन पुढे चालत होता.

दुसरा हात बुधवारी फिरवायचा होता. पण रविवारी मंडळींनीच दोन्ही वेबसाइट पाहायला मागितल्या. त्र्यंबक म्हणाला, बघा की! बसलेले सगळे डोळस. फोटोंच्या पोटातलं कुणाला दिसणार?

इतक्यात दार उघडलं आणि सिद्धार्थच्या कोपराला धरून पुरुषोत्तमबुवा आत आले.

"आधीची गाडी मिळाली, निघालो," बुवा म्हणाले. "हा पोर स्टेशनवर न्यायला आला. आणा, काय केलंत ते ऐकू दे."

बुवांचा कानही थोडा जड. फोनचा आवाज देवळाच्या भोंग्याइतका. आधी सिद्धार्थची वेबसाइट लागली.

"चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण. चित्र," फोन म्हणाला.

"हा कसला जप रे?" बुवांनी विचारलं. त्र्यंबकच्या मनात मृदंग वाजू लागला.

मग त्याची लागली. "उत्सव. मुख्य मथळा. कीर्तनाच्या वेळा. शनिवार, संध्याकाळी सहा."

बुवांचा चेहरा उजळला. "अरे, हे मीच वाचतोय की! पुढे काय? फोटो?"

"बुवा, तिथे काही नाही!" त्र्यंबक झेपावला, पण बुवांचा अंगठा सरकला होता.

"चित्र," फोनमधली बाई निर्विकारपणे म्हणाली. "मंडळींचा फोटो. मधोमध पुण्याचा सिद्धार्थ. कुणी बोलावलं नव्हतं. चिपळ्या डोशाच्या उलथन्यासारख्या धरल्या आहेत."

बुवांचा अंगठा पुढे सरकला.

"चित्र. बुवांचं कीर्तन. बुवा अर्धेच दिसतात, कारण उरलेल्या अर्ध्यात सिद्धार्थचं डोकं आहे. चित्र. कमलिनीअक्का सिद्धार्थला स्वतःच्या हाताने पोंगल वाढताहेत. मला बेचाळीस वर्षांत एकदाही वाढलेला नाही."

"ऐय्यो!" अक्कांनी पदर तोंडाला लावला.

सिद्धार्थ लालबुंद झाला होता. "दादा, चिपळ्या खरंच तशा धरल्या होत्या?"

"हो," त्र्यंबक जमिनीला म्हणाला.

आणि बुवा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, कुणी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले. "वर्षभर विचारतोय, फोटोत काय आहे? सगळे म्हणतात, छान आहे, बुवा! आज पहिल्यांदा मला फोटो दिसला. वेबसाइट त्र्यंबकाचीच. आणि एक शब्द बदलायचा नाही, सांगून ठेवतो."

त्र्यंबकला हवं ते मिळालं. पण त्याचा मत्सर आता मुखपृष्ठावर कायमचा मुक्कामाला राहिला. त्या दिवसापासून बुवा रोज त्याला फोन करून नवे फोटो लिहून घेऊ लागले.

महिन्याने सिद्धार्थ त्याच्या दारात उभा.

"दादा, बुवा तासन्‌तास तुमच्याशीच बोलतात. माझ्याशी नुसतं 'कसा आहेस'. एक तरी फोटो मला लिहू द्या ना."

तो सूर त्र्यंबकच्या ओळखीचा होता. मन विरघळायला हवं होतं, थोडं विरघळलंही. त्याने शोधून शोधून एक फोटो दिला. त्यात बुवा नव्हते, अक्का नव्हत्या, कीर्तन संपल्यावरची खुर्च्यांची चळत तेवढी होती.

संध्याकाळी वर्णन आलं. "चित्र. कीर्तन संपलं, सगळे गेले. खुर्च्यांच्या चळतीमागे एक हात दिसतो. तो त्र्यंबकदादांचा. आवरायला नेहमी तेच थांबतात."

बुवांनी ते तीनदा लावून ऐकलं. त्र्यंबकने चार वेळा ऐकलं. त्यात सुधारण्यासारखं एक अक्षरही सापडेना, म्हणून पाचव्यांदा लावलं.