झिपरूची शर्यत आणि साळूमावशीचे लाडू

एका जंगलात, बाळांनो, सगळेच धावत असत. कुणी खायला मिळावं म्हणून, कुणी आपल्याला खाऊ नये म्हणून. झिपरू नावाचं भेकर दुसऱ्या गटातलं होतं.

रोज पहाटे बिबटराव त्याच्या मागे लागत. झिपरू उपाशीपोटी, अनवाणी, वाट फुटेल तिकडे सुटे आणि रोज वाचे. या प्रकाराला व्यायाम म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो ठणठणीत होता.

पुढे बिबटरावांना वाटू लागलं की असं ऊठसूट कुणाच्याही मागे लागणं सुधारलेल्या जंगलाला शोभत नाही. त्यांनी 'वन आरोग्य दौड' जाहीर केली. वडापासून निघायचं, ओढा ओलांडायचा, टेकडीला वळसा घालून परत वडापाशी यायचं. शेवटी येईल त्याला पळायची एक संधी द्यायची आणि मग प्रमुख पाहुण्यांनी त्याला खायचं. प्रमुख पाहुणे अर्थात बिबटराव. प्राणी खूश झाले. मरायचं तर आहेच, निदान छातीवर नंबर लावून मरू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

झिपरूला काळजी नव्हती. जंगलात त्याच्याइतकं धावतंय कोण? पण शर्यत म्हटली की तयारी हवी, असं जो तो सांगत होता. म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी नवे कोरे बूट घेतले. चार.

सकाळी वडाखाली साळूमावशी न्याहारी वाढत होती. साळूमावशी म्हणजे साळिंदर. हाताला चव होती, पण कुणी 'पुरे' म्हटलं की तिचे काटे उभे राहत. झिपरूने एक लाडू खाल्ला आणि पानावर खूर आडवा धरला.

"एका लाडवावर टेकडी चढणार का रे?" मावशी म्हणाली. "घे, माझी शपथ आहे."

शपथ मोडवेना. काटेही दिसत होते. मग आणखी चार लाडू, वाटीभर बासुंदी आणि तांब्याभर पन्हं पोटात गेलं. तिकडे खुर्चीवर बसलेल्या बिबटरावांनाही मावशी तितक्याच मायेने वाढत होती. आपल्याला गोड चालत नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. पण शाल-नारळ घेतलेल्या पाहुण्याला 'नको' म्हणणं शोभत नाही.

हलगी वाजली. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी झिपरूला चेव आला आणि टेकडीसाठी ठेवायचा सगळा दम त्याने ओढ्यापर्यंतच संपवला. तिथे त्याच्या उजव्या बरगडीखाली चमक भरली.

झाडावरची माकडं सल्ले द्यायला बसलेलीच होती. एक म्हणालं श्वास रोखून धर, दुसरं म्हणालं जोरात सोड, तिसरं म्हणालं पाणी पी. झिपरूने तिन्ही गोष्टी केल्या. आता पोटात लाडू पोहू लागले. त्यात नवे बूट चारही पायांना चावत होते. ससे पुढे गेले. घोरपड पुढे गेली. शेवटी एक गोगलगाय "जरा बाजू द्या" म्हणत पुढे गेली, तेव्हा मात्र झिपरूला रडू आलं.

तो कूस धरून वडापाशी पोचला, तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. बिबटराव खुर्चीतून उठले.

"पळ," ते म्हणाले. नियम म्हणजे नियम.

झिपरू पळाला, म्हणजे लंगडत चालू लागला. आपलं आता काही खरं नाही, हे त्याला कळून चुकलं. मागे धप्प आवाज झाला. मग काहीच नाही. त्याने भीत भीत वळून पाहिलं. बिबटराव दुसऱ्याच उडीला खाली बसले होते. पंजा बरगडीखाली होता.

"उजवीकडे का?" झिपरूने विचारलं.

"उजवीकडे," बिबटराव कण्हले. "थांब तिथेच. कळ उतरली की खातो तुला."

झिपरू आज्ञाधारक होता. तो थांबला आणि बसल्या बसल्या बूट काढू लागला. इतक्यात साळूमावशी परात घेऊन आली. पाहुणे भुकेने खाली बसले, असा तिचा समज झाला होता. तिने त्यांच्या पुढ्यात आणखी दोन लाडू ठेवले. बिबटरावांनी काट्यांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

दुसरा लाडू अर्ध्यावर आला असताना झिपरूची कळ उतरली. तो उठला, मावशीच्या पाया पडला आणि अनवाणी घरी गेला.

पुढच्या वर्षी दौडीची तयारी जोरात झाली. धावण्याचा सराव कुणीच केला नाही. सगळं जंगल लाडू वळत होतं.

तात्पर्य: धावण्याआधी भरपेट खाऊ नये. खाल्लंच, तर पाठीमागे लागणाऱ्याला आपल्यापेक्षा दोन लाडू जास्त वाढावेत.